फुगलेलं पोट म्हणजे गॅसच असं नाही

संपादक साहेब, स.न.वि.वि.

परवाच्या आरोग्य पुरवणीत गॅस-अ‍ॅसिडिटी अंगावर काढली की पोटात पाणी होतं असं काहीतरी छापून आलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. अहो गॅसमुळे पाणी होत नाही, पाणी आधीच व्हायला लागलेलं असतं आणि आपण त्यालाच गॅस गॅस म्हणत बसतो.

आमच्या मामांचं हेच झालं. माळकरी माणूस, दारू तर सोडाच, चहासुद्धा एक वेळचा. भूक गेली, दोन घास खाल्ले की पोट गच्च, संध्याकाळी बारीक ताप. गावातल्या डॉक्टरांनी दोन महिने गॅसच्याच गोळ्या दिल्या, घरी ओवा, हिंग, लिंबू-सोडा चालूच. मामी म्हणायची पायजम्याची नाडी पुरेना झालीय, अंग धरलंय वाटतं, पण हात बघाल तर नुसत्या काड्या आणि बेंबी बाहेर आलेली! त्यात गावात कुजबुज की हे गुपचूप घेत असणार.

शेवटी जिल्ह्याला नेलं, सोनोग्राफीत पाणी दिसलं, सुईने थोडं काढून तपासलं तर निघाला पोटाचा टीबी. छातीचा एक्सरे एकदम क्लीन होता बरं का, खोकला नाही म्हणजे टीबी नाही हेच आपल्या डोक्यात. गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळाल्या, 6 महिने कोर्स केला, आता तीच नाडी कमरेला दोनदा गुंडाळतात.

मामांचं टीबीचं निघालं, पण जलोदराच्या, म्हणजे पोटात पाणी होण्याच्या, जास्त केसेस लिव्हर सिरॉसिसच्याच असतात. लिव्हर कडक झालं की तिकडे जाणाऱ्या रक्ताचं प्रेशर वाढतं, रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन कमी पडतं आणि पाणी झिरपून पोटात साठतं. त्याला दारूच लागते असं नाही, हिपॅटायटिस बी, सी आणि फॅटी लिव्हरनेही होतं. पोटातल्या पाण्याचं कारण कधी हार्ट, कधी कॅन्सरही असतं. या लिव्हरवाल्यांना डॉक्टर मीठ दिवसाला जेमतेम चमचाभर सांगतात, पापड लोणचं बंद, आणि आपण गॅस म्हणून खायचा सोडा पाजतो, म्हणजे सोडियमच की ते! अंगदुखीच्या गोळ्याही मनाने देऊ नयेत, किडनीवर येतं. आणि पाणी झालेल्या पोटात दुखून ताप आला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, पाण्यात इन्फेक्शन झालेलं असू शकतं.

तेवढी दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापा, फक्त चूर्णाच्या जाहिरातीच्या खाली नको.

आपली एक वाचक,
जि. सातारा