सुश्रुतानंतर थेट लिस्टर? मधला अल-झहरावी कुठे गेला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत शस्त्रक्रियेच्या इतिहासावर पानभर लेख आला होता. सुश्रुतानं नाक कसं जोडलं ते त्यात छान सांगितलंय. पण पुढच्याच परिच्छेदात लेखक एकदम सोळाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये जातात आणि तिथून एकोणिसाव्या शतकात जंतू मारायला कार्बोलिक ॲसिड वापरणाऱ्या लिस्टरवर. मी 33 वर्षं मिरजेत ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. तो लेख मी दोनदा वाचला, कारण एक नाव हमखास असेल असं वाटत होतं. हजार वर्षांपूर्वीचा सर्जन अबुल कासिम अल-झहरावी, हे ते नाव. ते नव्हतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.

1980 च्या दशकात आमच्याकडे एक ज्येष्ठ सर्जन होते. केस घ्यायला उशीर असला की ते आम्हा सिस्टरांना काही ना काही वाचून दाखवायचे. एकदा त्यांनी एका अरबी ग्रंथाच्या पानांची झेरॉक्स आणली. मजकुराच्या मधेमधे हत्यारांची चित्रं काढलेली. "ओळखा बघू," म्हणाले. आम्ही बोट ठेवून सांगत गेलो. हा हूक, ही जखम चाचपायची प्रोब, ही खरवडायची क्युरेट, ही जीभ दाबायची पट्टी. बरीचशी ओळखली. मग त्यांनी सांगितलं, हा ग्रंथ अल-झहरावीचा, इसवी सन 1000 च्या सुमाराचा आहे. माझ्या हातात तेव्हा ऑटोक्लेव्हमधून काढलेला, निर्जंतुक सामानाचा ड्रम होता, तो मी खाली ठेवला आणि ती पानं पुन्हा पहिल्यापासून बघितली.

अल-झहरावी स्पेनचा, तेव्हाच्या मुस्लिम अंदलूसचा. कोर्दोबाजवळ खलिफानं मदीनत अल-झहरा नावाचं नवं शहर वसवलं होतं, तिथला म्हणून झहरावी. जन्म 936 च्या आसपासचा, मृत्यू 1013 च्या सुमाराचा. उभं आयुष्य रुग्ण तपासण्यात घालवून त्यानं 'किताब अल-तसरीफ' हा तीस भागांचा ग्रंथ लिहिला. शेवटचा, तिसावा भाग शस्त्रक्रियेचा. त्यात तापल्या हत्यारानं डाग देणं, चिरफाड आणि हाडं बसवणं अशी तीन प्रकरणं आहेत, आणि सुमारे दोनशे हत्यारांची चित्रं. नुसती चित्रं नाहीत. हत्यार कशाचं घडवायचं, केवढं, कसं धरायचं, तेही सांगितलंय. डाग द्यायला सोन्यापेक्षा लोखंड बरं, असं तो म्हणतो. सोनं किती तापलंय ते त्याच्या रंगावरून नीट कळत नाही, आणि ते लवकर थंड होतं. हे वाक्य पुस्तकं वाचून लिहिणाऱ्याचं नव्हे. निखाऱ्याजवळ उभं राहिलेल्या माणसाचं आहे.

टॉन्सिलचं ऑपरेशन त्यानं जसं लिहिलंय, तसं मी शेकडो वेळा पाहिलंय. रुग्णाला उजेडाकडे तोंड करून बसवा, मदतनिसाला जीभ पट्टीनं खाली दाबायला सांगा, गाठ हूकमध्ये धरा आणि मग कापा. आमच्याकडे सूर्याच्या जागी डोक्यावरचा दिवा होता, आणि बेशुद्धीचं औषध होतं, असे काही फरक सोडले तर. त्या वाक्यातला 'मदतनीस' मला फार जवळचा वाटतो. इतिहास लिहिणारे त्याला सहसा विसरतात. अल-झहरावी त्याला कामाला लावतो, कुठं उभं राहायचं तेही सांगतो.

गळू फोडण्यासाठी त्यानं एक छोटं पातं काढून दाखवलंय. बोटांच्या फटीत लपेल एवढं, रुग्णाला दिसणारच नाही असं. अरबीत त्याचं नावच 'फसवणारं' अशा अर्थाचं आहे. आमच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, लहान मूल आलं की मी इन्स्ट्रुमेंटची ट्रॉली हिरव्या कापडानं झाकून भिंतीकडे सरकवायची. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पोरांचे डोळे बघून सुचलं होतं. हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाला तेच डोळे दिसले होते, हे कळलं तेव्हा मला भरून आलं.

आतडं शिवायला जनावराच्या आतड्यापासून काढलेला धागा वापरता येतो, हेही त्यानं नोंदवलंय. आमचा टाक्यांचा धागा, कॅटगट, तोच. तंतुवाद्यं घडवणाऱ्या मिरजेच्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. सारंगीची तात ज्यापासून होते, त्याच जातीची वस्तू.

पण मला तो सगळ्यात मोठा वाटतो तो त्यानं लिहून ठेवलेल्या चुकांमुळे. शस्त्रक्रियेच्या भागाच्या सुरुवातीलाच सांगतो की शरीराची रचना न शिकता सुरी हातात घेणारे लोक माणसं मारतात. मग पाहिलेली उदाहरणं देतो. एका वैद्यानं बाईच्या मानेवरची गाठ कापायला घेतली, धमन्या तुटल्या, बाई जागीच गेली. दुसऱ्यानं एका म्हाताऱ्याचा मूतखडा काढताना मूत्राशयाचाच तुकडा कापून काढला, तो माणूस तिसऱ्या दिवशी वारला. हे सगळं तो आपल्या शिष्यांना 'मुलांनो' म्हणत सांगतो. आणि एक वाचलेली केसही देतो. एका दासीनं स्वतःचा गळा चिरून घेतला होता. श्वास जखमेतून येत होता. यानं जखम शिवली, मुलगी बरी झाली, आवाज तेवढा घोगरा राहिला. त्यावरून त्यानं निष्कर्ष काढला की स्वरयंत्राच्या जागी छेद दिला तर माणूस मरतोच असं नाही. ट्रॅकिओस्टॉमीच्या, म्हणजे श्वासनलिकेला छेद देण्याच्या, ट्रेवर हात ठेवून मी कितीदा उभी राहिलेय, त्या सगळ्या वेळा मला ती मुलगी आठवायची.

बाईचा मूतखडा काढायचा तर जाणकार स्त्री वैद्य शोधा, असंही तो लिहितो. म्हणजे तेव्हाही या कामात बाया होत्या, आणि त्यांच्यावर भरवसा ठेवणारा हा होता.

व्हॉट्सॲपवर त्याच्या नावानं जे फिरतं, ते मला पटत नाही हेही सांगते. जगातली सगळी हत्यारं त्यानंच शोधली म्हणे! तसं नाही. त्याच्या आधीच्या ग्रीक वैद्यांकडून, विशेषतः सातव्या शतकातल्या एजिनाच्या पॉलकडून त्यानं बरंच घेतलंय. डाग देण्यावर त्याचा विश्वास जरा जास्तच होता, आज त्यातलं बरंच कुणी करणार नाही. आणि आपल्या सुश्रुताला कमी लेखून त्याला मोठं करायचीही गरज नाही. सुश्रुतसंहितेत 101 यंत्रं आणि 20 शस्त्रं सांगितलीत. त्या ग्रंथाचा बगदादमध्ये अरबीत अनुवाद झाला होता, आणि त्या कामी मंक नावाच्या भारतीय वैद्याचं नाव घेतलं जातं. आपलं ज्ञान तिकडे गेलं ते मुसलमान खलिफांच्या काळात, त्यांच्या दरबारच्या पैशानं. तुमच्या लेखात तो दुवाच तुटला.

पुढची वाट तर स्पष्ट नोंदलेली आहे. बाराव्या शतकात तोलेदोमध्ये क्रेमोनाच्या जेरार्डनं या शस्त्रक्रियेच्या भागाचं लॅटिन केलं. चौदाव्या शतकातला फ्रेंच सर्जन गी द शोल्याक आपल्या ग्रंथात त्याचा पुन्हा पुन्हा दाखला देतो. 1497 मध्ये व्हेनिसला अल-झहरावीचा हा भाग छापला गेला, 1778 मध्ये ऑक्सफर्डला. म्हणजे युरोपचे सर्जन कित्येक शतकं त्याच्या चित्रांवरून शिकत होते. युरोप त्याला 'अबुलकासिस' म्हणायचा. आमच्या ट्रेमधल्या इन्स्ट्रुमेंटना मात्र कोचर, ॲलिस, बॅबकॉक, लँगेनबेक अशी पाश्चात्त्य सर्जनांची नावं. नर्सिंगच्या पोरींकडून मी ती पाठ करून घ्यायची. "हे सगळं गोऱ्यांनीच शोधलं ना सिस्टर?" असं एकीनं विचारलं तेव्हा मी तिला माझ्या कपाटात चिकटवलेली ती झेरॉक्स दाखवली. ती आता पार पिवळी पडलीय, कडा तुटल्यात.

म्हणून विनंती आहे. दुरुस्तीची दोन ओळींची चौकट नको. पाटण्याच्या खुदाबख्श ग्रंथालयात 'तसरीफ'ची हत्यारांच्या चित्रांसह हस्तलिखित प्रत आहे, आपल्याच देशात. तिथून एका पानाचं छायाचित्र मागवून पुरवणीत मोठं छापा. शेजारी आजच्या ओटीतल्या ट्रेचा फोटो लावा. ट्रे कसा मांडायचा ते विचारायला कुणाला पाठवलंत तर मी थिएटरमध्ये येऊन मांडून देईन.

आपली,
एक निवृत्त ओटी सिस्टर, मिरज