फोन येईनासे झालेत

प्रिय बंड्या,

गणपतीत भेटायचं ठरलं होतं, तेही राहिलं आणि तुझ्या मेसेजांना उत्तर देणंही राहिलं. तू काय काय म्हणत असशील ते मला इथे गोव्यात, सत्तरी तालुक्यात बसून ऐकू येतंय. तब्येत बरी. साखर जरा वर, आईचे गुडघे जैसे थे. पुढे.

आमच्या उपकेंद्रांतल्या सिस्टरांना टॅबलेट मिळालेत, तुझ्याच धंद्यातल्या लोकांनी केलेले. रुग्णाची लक्षणं मराठीत बोलायची. काय विचारायचं, काय तपासायचं, कधी पुढे पाठवायचं ते एआय सांगतं. लगेच फुशारू नकोस. चीज चांगली आहे. रात्री तापलेलं पोर आलं आणि सिस्टरने विचारलं, तरी ती माझ्यासारखी ‘‘आधी ताप मोजलात का?’’ म्हणून खेकसत नाही.

इंटर्नशिपमध्ये तू म्हणाला होतास, डॉक्टरचा फोन लागेल या भरवशावर उपकेंद्र चालवणं म्हणजे मटका. बांबोळीच्या मेडिकल कॉलेजच्या कँटीनमध्ये केवढे भांडलो होतो! दवाखान्यात अशाच एआयची मदत घेतल्याचा, तू पाठवलेला नैरोबीचा अभ्यासही वाचला. १५ दवाखाने, ३९,८४९ भेटी. निदानातल्या चुका १६ टक्क्यांनी कमी, उपचारातल्या १३ टक्क्यांनी. रुग्णांना बरं वाटण्यात मात्र ठोस फरक दिसला नाही, ते तू सोयीस्कर गाळलंस. तरी मटक्याचं तुझं म्हणणं खरं होतं, असं समज. पण आता ऐक.

काजूचे दिवस आहेत. २०१५ मध्ये इथल्या पाळी गावात माकडताप निघाला, गोचिडींमुळे माकडांना आणि माणसांनाही होणारा, तेव्हापासून या दिवसांत ताप आला की आम्ही पहिलं विचारतो, बागेत गेला होतास का? गोचीड चावली का? प्लेटलेट डेंग्यूतही पडतात आणि यातही, त्यामुळे सुरुवातीला फसायला होतं. परवा एका बाईच्या तापाला टॅबलेटने आधी डेंग्यू, मलेरिया, लेप्टो सांगितलं. सिस्टर ‘काजू वेचायला जाते’ म्हणाल्याबरोबर माकडताप वर आणला. रक्ताचा नमुना गेला, रक्तस्रावाची लक्षणं घरच्यांना समजावली. शंभर मार्क. त्याच आठवड्यात डोंगरापलीकडच्या उपकेंद्रात दुसऱ्या सिस्टरनेही अगदी तस्संच केलं. तिलाही शंभर.

दोघींपैकी एकीनेही मला फोन केला नाही. का करतील? थोरलीला विचारलं, तर म्हणाली, ‘‘शंकाच नव्हती ना, सर.’’

दोन्ही ताप एकाच रानाच्या दोन अंगांचे, हे मला रिपोर्ट आल्यावर कळलं. मधल्या वाटेवर माकड मरून पडलं होतं, हे धाकटीला ठाऊक होतं! पूर्वी ती कसलातरी डोस विचारायला फोन करायची आणि ठेवता ठेवता म्हणायची, ‘‘दोतोर, वाटेर एक माकड मेल्लें आसा.’’ बंड्या, माझं निम्मं काम त्या ठेवता ठेवता बोललेल्या वाक्यांवर चालायचं. तुमच्याकडे वाडीवरची खबर आशाताई आणतात. गोव्यात आशा नाहीतच. आमच्याकडे ती सिस्टरांच्या शंकांना चिकटून यायची. आता शंका परस्पर मिटतात आणि चिकटलेलं तिथेच राहतं. टॅबलेटला काय, प्रत्येक रुग्ण पहिलाच.

तू म्हणशील, डॅशबोर्ड करू. कर. लाल-पिवळे ठिपके येतील, ते मी महिनाअखेरीस बघेन. आणि मेलेलं माकड कुठल्या रकान्यात भरायचं? वय, लिंग, आधार क्रमांक? रोज संध्याकाळी फोन करा असा हुकूम काढावा, तर चार दिवसांत ‘सगळं ठीक, सर’ची टेप सुरू होईल. सिस्टरांना पुन्हा माझ्या खेकसण्यावर अवलंबून ठेवावं, असंही मला वाटत नाही. त्यांची रात्रीची धास्ती गेलीय, ती परत आणायची नाही.

माझं एवढंच डोकं चालतं: केस संपताना त्या यंत्राने विचारावं, ‘येता-जाता काही वेगळं दिसलं?’ आणि उत्तर सिस्टरच्याच आवाजात माझ्या मोबाइलवर यावं, रुग्णाच्या नावाशिवाय. रेंज नसेल तेव्हा साठून राहावं. होईल का हे? बनवणाऱ्यांना विचारलं, तर ‘पुढच्या व्हर्जनमध्ये बघू’ म्हणाले. हे तुमच्या भाषेत ‘नाही’ असतं ना?

वहिनींच्या बढतीबद्दल अभिनंदन. चिरंजीवांची दहावी आहे, त्याच्या मागे हात धुऊन लागू नकोस. तुझे मार्क मला माहीत आहेत. फ्लॅटचा ताबा मिळाला का?

काजूच्या दारूचा, उर्राकचा मोसम मेपर्यंतच, त्याआधी ये. बागेत जायचं तर फुल पँट आण. मागच्या वेळची ती बर्म्युडा नको.

तुझा,
दोतोर