ओढणीच्या १४ शेपट्या

काकू,

समोर येऊन आभार मानले तर तुम्ही "परक्यासारखं काय बोलतेस गं" म्हणून उडवून लावाल. म्हणून हे जाहीर पत्र. ज्यांच्या घरी लवकरच पोरांची फौज जमणार आहे, त्यांच्याही कामी येईल.

त्या संध्याकाळी माझी काय अवस्था होती ते तुम्ही पाहिलंच. १४ मुलं, वयं ४ ते १०, बाहेर धो धो पाऊस आणि खेळ घ्यायला येणाऱ्या माणसाने ऐनवेळी टांग दिलेली. सुचली ती संगीत खुर्ची लावली. चौथ्या डावापर्यंत बाद झालेल्यांनी उशांची हाणामारी सुरू केली होती आणि सगळ्यात धाकटा पडद्यामागे जाऊन मुसमुसत होता. तुम्ही चपला काढता काढता म्हणालात, "अगं, पहिला बाद झाला त्याने अजून १२ डाव नुसतं बघत बसायचं? मी तरी बसेन का?"

हा हिशोब मी कधी केलाच नव्हता. १४ मुलं म्हणजे १३ डाव. आणि आधी बाद कोण होतं? सगळ्यात लहान, नाहीतर सगळ्यात बुजरं. तुम्ही खुर्च्या भिंतीकडे सारल्यात, जमिनीवर आसनं पसरलीत आणि दर डावाला एक आसन उचललंत. मूल मात्र एकही उठवलं नाहीत. अंगठा टेकला तरी चालेल, एवढाच नियम. शेवटी दोन आसनांवर १३ अंगठे आणि वर एकमेकांना मिठ्या मारून डुलणारी, खिदळणारी पोरं! धाकट्याला तुम्ही गाणं बंद करायचं काम दिलंत. पडदा सोडून तो जो बटणाला चिकटला, तो उठेचना.

आपल्या लहानपणी कच्चा लिंबू असायचा ना, खेळायचं पण बाद व्हायचं नाही? तुम्ही सगळ्यांनाच कच्चा लिंबू करून टाकलंत. तळ्यात-मळ्यातमध्ये जो चुकेल तो बाहेर नाही, तो पुढचे पुकार करणार. मग काय, पुकार करायला मिळावा म्हणून दोन कार्टी मुद्दाम चुकायला लागली. (त्यातली एक माझी.)

फुगे तर घरात होतेच, पण मी ते नुसते टांगून ठेवले होते. तीन फुगे, जमिनीला टेकू द्यायचे नाहीत, बस्स. फुगा सावकाश खाली येतो, त्यामुळे चार वर्षांच्यालाही तिथवर पोहोचायला वेळ मिळतो आणि दहा वर्षांचा उगाच शेर ठरत नाही. एक फुटला तेव्हा पोरं हसत होती, पण तुम्ही खेळ थांबवून आधी रबराचे तुकडे वेचलेत. लहान मुलं ते तोंडात घालतात, घशात अडकतात. मला सुचलंही नसतं.

रिलेलाही मी दोनच रांगा केल्या होत्या. म्हणजे दोघं पळणार आणि बारा जण ढकलाढकली करणार! तुम्ही चार रांगा केल्यात.

आणि शेवटचा तो शेपटीचा खेळ. तुम्ही खांद्यावरची ओढणी काढलीत, कात्री मागितलीत आणि मी "अहो काकू" म्हणेपर्यंत पट्ट्या पाडल्यासुद्धा. मागे कमरेला एकेक खोचायची, दुसऱ्याची ओढायची. ज्याची गेली त्याने ती तुमच्याकडून परत घ्यायची आणि पुन्हा मैदानात. वीस मिनिटं पळाल्यावर तुम्ही हळूच "आडवे पुतळे!" म्हणालात आणि ते वादळ सतरंजीवर आडवं झालं. मला तेव्हा कुठे पाणी प्यायला सवड मिळाली.

माझ्याकडे १३ पट्ट्या आहेत, धुऊन डब्यात ठेवल्यात. चौदावी धाकट्याच्या कमरेला खोचलेली तशीच त्याच्या घरी गेली. ओढणी मी नवी आणणार आहे, नाही म्हणायचं नाही.

तुमची,
खालच्या मजल्यावरची