मनगट सरळ करून पाहिलंत, त्याबद्दल

आदरणीय मॅडम,

कोयत्याने कापलेल्या मनगटाची शस्त्रक्रिया करून केस हँड थेरपीला (हाताच्या व्यायामोपचाराला) पाठवताना तुम्ही कागदामागे पेनाने छोटी आकृती काढली होती. 'मीडियन नर्व्ह. अंतर 30 मिमी. स्यूरलचे 4 तुकडे, प्रत्येकी 34 मिमी. मनगट, बोटं पूर्ण सरळ करून पाहिली. टाक्यांवर ताण नाही.' म्हणजे मनगटातून हातात जाणारी नर्व्ह (चेता) तुटून पडलेलं अंतर पायातल्या स्यूरल नर्व्हच्या तुकड्यांचं कलम लावून भरलं. हे पत्र त्या चार ओळींसाठी.

आधीच्या दवाखान्यात नर्व्हची टोकं ओढून, जाड धाग्याने आवळून, मनगट दुमडून प्लास्टर घातलं होतं. कागदावर एवढंच: 'नर्व्ह जोडली.' दुमडलेल्या मनगटात टोकं भेटतातच. प्लास्टर निघून हात सरळ झाला की सगळा ताण टाक्यांवर येतो. सशाच्या नर्व्हवरच्या 1973 सालच्या प्रयोगात लांबी 8 टक्के वाढताच बारीक शिरांतला प्रवाह मंदावू लागला होता, 15 टक्क्यांच्या सुमारास रक्तपुरवठाच थांबला होता. अशा उपाशी जोडात व्रण माजतो आणि वाढणारे तंतू त्यात गुंतून गाठ होते. ओढून जोडण्यापेक्षा कलम लावा, हे नर्व्हचे सर्जन हान्नो मिलेसी 1972 पासून सांगत होते. इतक्या वर्षांनीही मनगटं दुमडली जातात, याचा राग येतो.

तुम्ही तंतूंचे निरोगी जुडगे दिसेपर्यंत गाठ छाटलीत. कलम आकसतं, म्हणून 4 मिमी जादा घेतलंत. आणि ते लिहून कळवलंत! ते आकडे नसते, तर भीतीपोटी हात आणखी काही आठवडे बांधून ठेवला असता आणि कलम आजूबाजूला चिकटलं असतं. तुमच्या ओळींच्या भरवशावर 10 दिवसांनी हालचाल सुरू झाली: मनगट मागे नेताना बोटं मिटलेली, बोटं उघडताना मनगट किंचित दुमडलेलं. अशाने नर्व्ह सरकते, ताणली जात नाही. थोडी, सावकाश ओढ तंतूला मानवतेही. पेशींचे अभ्यासक डेनिस ब्रे यांनी 1984 मध्ये कोंबडीच्या पिलाच्या चेतापेशीचा तंतू काचेच्या सुईने हळूहळू ओढला, तेव्हा तो न तुटता वाढत गेला होता.

तासन् तास मायक्रोस्कोपला डोळे लावल्यावर, कधी न भेटलेल्या थेरपिस्टला उद्या काय लागेल याचा विचार कोण करतं? हातचं न राखता सांगणारी अशी माणसं आहेत म्हणून दुसऱ्याच्या कामाला दिशा मिळते. खूप खूप आभार, मॅडम.

तंतू दिवसाला साधारण 1 मिमी सरकतात. कलमाचा खालचा जोड त्यांनी ओलांडलाय. आता तळहाताच्या मध्यावर टिचकी मारली की मधल्या बोटात झिणझिण्या येतात, म्हणजे तंतू तिथवर पोचलेत.

आपली कृतज्ञ,
एक हँड थेरपिस्ट