भाऊंचा वाढदिवस आणि मे महिन्यातला तुटवडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रक्तपेढ्यांत तुटवडा पडल्याची बातमी दर उन्हाळ्याप्रमाणे यंदाही आपल्या अंकात वाचली. कारणंही नेहमीचीच : कॉलेजांना सुट्टी, लोक गावी गेलेले. ती खरी आहेत, पण अर्धीच. शिबिरात रक्त देणारे आपल्याकडे ढिगाने आहेत. पुढच्या खेपेला कुणी न बोलावता रक्तपेढीची पायरी चढणारे मात्र फार थोडे.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या कामामुळे मी बरीच वर्षं ही शिबिरं जवळून पाहिली आहेत. मांडवाच्या तोंडाशी भाऊंचा भलामोठा फ्लेक्स, आत कॉटवर पडल्या पडल्या सेल्फी काढणारी पोरं. कसा आलास विचारलं की उत्तर ठरलेलं, 'भाऊंचा वाढदिवस ना!' म्हणजे पोरगा कार्यकर्ता म्हणून आला, रक्त दिलं ते ओघाने. भाऊंचा वाढदिवस वर्षातून एकदाच येतो, आणि भाऊंनी पक्ष बदलला तर तेही निमित्त जातं. इकडे एका दिवसात शेकडो पिशव्या जमतात. त्यातल्या तांबड्या पेशी फार तर ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्याला भाऊंच्या तारखेशी काय देणंघेणं?

मंडळांना नावं ठेवायची नाहीत. २०२० साली लालबागच्या मंडळाने उत्सवाऐवजी आरोग्योत्सव करून रक्तदान आणि प्लाझ्मादान घडवलं, ती ताकद दुसऱ्या कुणात नाही. माणूस पहिल्यांदा येतो तो आपल्या माणसांबरोबरच. प्रश्न दुसऱ्या खेपेचा आहे, आणि तिथे आपण भेटवस्तू पुढे करतो. हेल्मेट, बॅग, डबा. डिसेंबर २०२० मध्ये मुंबईतल्या एका शिबिरासाठी किलोभर चिकन आणि शाकाहारी मंडळींना पनीर जाहीर झालं होतं! स्वीडनमधल्या गोथेनबर्गला झालेला एक प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तदाता होण्यासाठी तपासणीला येणाऱ्यांना थोडे पैसे देऊ केले, तर तयार होणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण ५२ टक्क्यांवरून ३० वर आलं. तीच रक्कम परस्पर दान करायची मुभा दिल्यावर ते पुन्हा पूर्ववत झालं. पुरुषांत फारसा फरक पडला नाही, हेही सांगायला हवं. पण आपण हे कशासाठी करतोय याबद्दल स्वतःच्या मनात शंका आली की पाय मागे येतो, एवढं त्यातून नक्की दिसतं.

सगळ्यात वाईट मला वाटतं ते तपासणीच्या टेबलावर. बोटातून काढलेला थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात टाकतात. बुडला तर हिमोग्लोबिन १२.५ किंवा त्याहून जास्त, तरंगला तर कमी. मैत्रिणींबरोबर हौसेने आलेल्या मुलीचा थेंब तरंगतो, टेबलामागचा माणूस मान वर न करता 'तुझं नाही चालणार, पुढची कोण?' म्हणतो, मागे खसखस पिकते. लोहाच्या गोळ्या घेऊन, खाणंपिणं सुधारून काही महिन्यांनी ती आरामात रक्त देऊ शकली असती. पण हे तिला कुणी सांगत नाही. 'आपल्याला जमत नाही' एवढंच डोक्यात घेऊन ती जाते आणि पुन्हा कधी फिरकत नाही. तिथे दोन मिनिटं बोलणारा एक समुपदेशक बसवायला कितीसा खर्च येतो?

उलट शतकवीर रक्तदात्यांना विचारा. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी रक्त देता येतं, म्हणजे शंभरी गाठायला पुरुषालाही किमान २५ वर्षं लागणार. ती काही टिफिनच्या डब्यावर निघत नाहीत. रक्तदान हा त्यांच्या वर्षाच्या हिशेबातला भाग झालेला असतो. तारीख चुकली तर त्यांनाच चुटपुट लागते.

स्टॉकहोममध्ये आपलं रक्त वापरलं गेलं की दात्याच्या मोबाइलवर संदेश येतो. आपल्याकडेही नाव-नंबर लिहून घेतात. मग असा एक संदेश, आणि मुदत भरल्यावर 'आता पुन्हा देता येईल' असा दुसरा, एवढं रक्तपेढ्यांनी करावं. मंडळांनी आपापसात तारखा वाटून घेऊन एप्रिल-मे भरून काढावेत.

आपल्यालाही एक विनंती. शिबिराच्या बातमीत हार घातलेल्या पाहुण्यांचा फोटो छापता, तेवढ्या जागेत जवळच्या रक्तपेढीची वेळ आणि त्या आठवड्यात कोणता रक्तगट कमी आहे ते छापाल का?

आपला,
एक वाचक, सातारा