किती पॅड, हे विचारणार नाही

चि. मधूस,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी तू फोन ठेवलास तेव्हा माझ्या हातात लाटणं होतं. पोळी तव्यावर करपली तरी मी तशीच उभी. बाबांनी विचारलं, काय म्हणते पोरगी? म्हटलं, मजेत आहे. त्यांनी करपलेली पोळी मुकाट खाल्ली, म्हणजे त्यांना कळलं असणार.

‘मी तुझ्या रजिस्टरातली केस नाहीये, आई,’ असं म्हणालीस. बरोबर बोललीस. एकच प्रश्न मी तीनदा विचारला. दुसऱ्यांदा विचारतानाच जीभ चावायला हवी होती. पण चौतीस वर्षं नर्स म्हणून दारोदार तेच विचारत फिरले ना गं. उंबऱ्यावर बसायचं, पाणी प्यायचं, आणि घरातली म्हातारी आत गेली की हळूच विचारायचं. जिभेला वळण पडलंय. म्हणून या पत्रात तो प्रश्न येऊ द्यायचा नाही असं ठरवून लिहायला बसलेय.

बाबा उद्या पहिल्या एसटीने निघतायत, लाडू आणि तूप घेऊन. चिठ्ठी डब्यात वरच्या कागदाखाली आहे. लाडू कसे खायचे ते लिहिलंय असं त्यांना सांगितलंय.

तर पाळी आली. ठकीला चौदा आठवडे झाले आणि आली. तू म्हणालीस, ‘एवढ्यात कशी? सिझरमुळे का?’ आणि मी उत्तर द्यायच्या ऐवजी मोजणी सुरू केली. आता उत्तर देते. सिझरचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. पाळी परत कधी यायची हे टाके ठरवत नाहीत, दूध ठरवतं. बाळ ओढतं तेव्हा मेंदूतून जे दूध तयार करणारं संप्रेरक सुटतं, तेच बीज सुटू देत नाही. रात्रीचं पाजणं त्यात जास्त कामाचं. अंगावर अजिबात न पाजणारीला सहा-आठ आठवड्यांतही येते, सगळं अंगावरच असेल तर कुणाला सहा महिने, कुणाला वर्षभरही येत नाही. तू रात्रीची बाटली सुरू केलीस, तिथून दार उघडलं. दोष देत नाही हं. टाके पोटावर आणि बारा-बारा वेळा उठायचं, मला माहीत आहे ते. अभय बाटली देतो म्हणजे चार तास सलग झोपतेस, ते मला पाळीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

विहीणबाई म्हणाल्या ना, की सिझरला आतली घाण राहून जाते आणि ती आता पडतेय. त्यांना उलट बोलू नकोस, त्यांनी तुझं शेक-शेगडी सगळं मनापासून केलं. पण तसं काही नसतं. बाळंतपणानंतर जे जातं ते वार जिथे चिकटलेली असते त्या जखमेतून जातं. ती जखम सिझर झालं तरी होतेच. सिझरला डॉक्टर पिशवी आतून पुसून घेतात, म्हणून काहींना थोडं कमी जातं इतकंच. आधी लाल, मग गुलबट तपकिरी, मग पिवळसर पांढरं, आणि चार-सहा आठवड्यांत थांबतं. तुझं सव्वा महिन्याच्या न्हाणापर्यंत थांबलं होतं, मी तिथेच होते. आताची ही नवी पाळी. कुठलीही घाण नाही.

पहिली जोरात येते हेही खरं. बऱ्याचदा या पहिल्या खेपेला बीज सुटलेलंच नसतं. अस्तर मात्र वाढत राहतं आणि मग एकदम ढासळतं. गाठी पडतात. ओढ लागते. पुढची तीस दिवसांनी येईल नाहीतर पन्नास, आणि दोन-चार महिने असाच गोंधळ चालेल. त्याला घाबरायचं नाही. दूध आटेल म्हणून तर मुळीच नाही. पाळीच्या दोन-तीन दिवसांत जरा कमी वाटेल, ठकी किरकिर करेल, पुन्हा होईल. पाळीतलं दूध बाळाला बाधतं म्हणतात ते खोटं, पाजत राहा.

पण ‘नळ सोडल्यासारखं जातंय’ म्हणालीस आणि लगेच ‘तू काळजी करू नकोस’ म्हणालीस. ही दोन वाक्यं मला एकत्र नको आहेत. मला दुसऱ्याचीच भीती वाटते.

कारण ते माझं वाक्य आहे.

तू किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षातली, जूनमधली. तेव्हा सिझर म्हणजे गावात बातमी व्हायची. २०१९-२१च्या पाहणीत देशात शंभरातली एकवीस-बावीस बाळंतपणं तशी निघाली, आपल्या राज्यात तर पंचविसाच्या वर. तेव्हा लोक बघायला आले होते, पोट फाडलेली सिस्टर. तीन महिन्यांची रजा संपवून मी उपकेंद्रावर रुजू झाले आणि गणपतीत, विसर्जनाला दोन दिवस असताना, माझी पाळी आली. घरात गणपती. आजीने काही बोलायच्या आधीच मी माझं तांब्या-भांडं उचलून मागच्या खोलीत गेले. दिवसा नोकरी करायची, संध्याकाळी मागची खोली. नोकरीला विटाळ चालायचा, पगाराला तो कधीच लागत नाही. तुला लोकरीच्या दुपट्यात गुंडाळून माझ्याकडे सरकवायचे, कारण लोकरीला म्हणे शिवत नाही. तू ते दुपटं चोखत झोपायचीस. खरं सांगू, त्या खोलीत मला बरंही वाटायचं. कुणी उठवत नव्हतं.

अनंत चतुर्दशी झाली आणि दुसऱ्या पहाटे किल्लारी हलली. सगळं घर रेडिओपाशी. त्या दिवसांत कुणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं, आणि मला तेच हवं होतं. घड्या किती बदलत होते हे फक्त मला आणि न्हाणीघराला माहीत. मी मोजत होते बरं का! दुसऱ्यांचं मोजणारी मी, माझं मोजून गप्प बसले. इतके लोक ढिगाऱ्याखाली गेले आणि आपण काय सांगायचं, असं वाटायचं. दहाव्या दिवशी लोहाच्या गोळ्यांचा डबा उघडून बायकांना वाटत होते, ‘चहाबरोबर घेऊ नका’ म्हणाले आणि तिथेच कोसळले. गोळ्या सगळ्या व्हरांड्यात. आमचे डॉक्टर लातूरकडे मदतीला गेलेले. कंपाउंडर म्हणाला, सिस्टर, डोळ्याची पापणी बघा तुमची, कागद आहे. हिमोग्लोबिन ६.८ निघालं. आठाच्या खाली म्हणजे तीव्र, हे मीच भिंतीवरच्या तक्त्यात लिहिलं होतं. माझ्या अक्षरात.

त्यानंतरच्या वर्षी जे झालं ते तुला अर्धंमुर्धं ठाऊक आहे. बाबा अजूनही त्या पाडव्याचं नाव काढत नाहीत. अंगावर पाजतेय म्हणून मी बेफिकीर होते, आणि अंगात रक्त नव्हतं. बाकी भेटीत.

बघ, मला तुला धीर द्यायचा होता आणि मी काय लिहीत बसले. हे फाडून दुसरं लिहावं असं वाटलं, पण घड्याळात साडेअकरा वाजलेत आणि लाडू बांधायचे राहिलेत.

म्हणून मी ‘किती’ विचारते गं. (विचारत नाहीये, कारण सांगतेय.) ‘खूप’ हा शब्द कुठल्याच बाईला खरं सांगत नाही. आपल्याकडच्या बायका ‘होतंच की एवढं’ म्हणत म्हणत निम्म्या रिकाम्या होतात. तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि सलग दोन तास तसंच चाललंय, तर मला फोन करायचा नाही, अभयला उठवायचं आणि सरळ हॉस्पिटलात जायचं. लिंबाएवढी गाठ पडली, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, छाती धडधडली, ताप आला, घाण वास आला, तरी तेच. रात्री दोन वाजता कुणाला कशाला त्रास, असं मनात आलं तर माझा तो व्हरांडा आठव. सात-आठ दिवसांच्या पुढे गेली तरी दाखवून ये. आणि आता, या आठवड्यातच, हिमोग्लोबिन कर. सिझरला रक्त जास्तच जातं, घरी सोडताना तुझं ९.४ होतं. मी कार्डावर वाचलं होतं, तेव्हा बोलले नाही.

लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. तुझ्या कपाटात पूर्ण पट्टी तशीच होती, मी निघाले त्या दिवशी. मोजली नाही. बरं, मोजली. बद्धकोष्ठ होतं म्हणून टाळतेस हे समजतं, टाक्यांवर जोर येतो. मग भिजवलेले मनुके खा, पाणी पी, रात्री घे. पण घे.

आणखी एक, आता नाही, पुढे लक्षात ठेवायचं. पाळी संपल्यावर चार-पाच दिवस तपकिरी डाग पडत राहिले आणि दर महिन्याला तसंच व्हायला लागलं, तर ‘सिझरनंतर असंच असतं’ म्हणून सोडून देऊ नकोस. पिशवीवर जिथे काप दिलेला असतो तिथे आतून कधी कधी खळगा राहतो. पाळीचं रक्त त्यात साठतं आणि नंतर सावकाश गळत राहतं. आतून केलेल्या सोनोग्राफीत दिसतो तो. पुष्कळ जणींना असतो आणि बहुतेकींना काही त्रास नसतो. मला वीस वर्षं तसे डाग पडले. नाव असतं त्याला हे मला निवृत्तीच्या सुमाराला एका प्रशिक्षणात कळलं. फळ्यावर चित्र काढलं होतं बाईंनी, आणि मी वहीत उतरवायचं सोडून स्वतःच्या पोटावर हात ठेवून बसले होते. आमच्या हद्दीतल्या एकीला टाक्याच्या कडेला सुपारीएवढी गाठ होती, दर पाळीला ठणकायची. लोक म्हणाले करणी, मग म्हणाले टाका आत राहिला. पिशवीच्या अस्तराचा तुकडा टाक्यात रुजला होता, तो दर महिन्याला पाळीसारखाच सुजायचा. काढल्यावर बरी झाली. म्हणजे दुखणं पाळीच्या तारखा धरून येतंय का, एवढं बघायचं.

आता जे फोनवर बोलताच आलं नाही ते. पाळी आली म्हणजे दिवस राहू शकतात. खरं तर पाळी यायच्या आधीही राहू शकतात, कारण बीज आधी सुटतं आणि पाळी मागून येते. अंगावरचं दूध म्हणजे बंदोबस्त, हे तीन गोष्टी जुळल्या तरच खरं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी परत आलेली नाही, आणि रात्रंदिवस वरचं काही नाही. तुझ्या दोन सुटल्या. सिझरच्या पिशवीला सावरायला वेळ लागतो, निदान दोन वर्षं मध्ये जाऊ देत. तांबी (कॉपर-टी) चांगली, पण पहिले काही महिने तिने रक्तस्राव वाढतो, म्हणून हिमोग्लोबिन बघून, डॉक्टरांशी बोलून. ‘छाया’ नावाच्या गर्भनिरोधक गोळ्या पाजणाऱ्या बाईला चालतात, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा. ‘अंतरा’ नावाचं गर्भनिरोधक इंजेक्शनही चालतं, पण त्याने पाळीचं गणित पुन्हा विस्कटतं. साध्या मिश्र गोळ्या सहा महिन्यांपर्यंत नकोत. आणि अभयलाही काही करता येतं. त्याला माझ्यासमोर हे वाचायला देऊ नकोस म्हणजे झालं.

झालं माझं भाषण. क्षमा कर गं. उपकेंद्र सुटलं, टेबल सुटलं नाही.

परवा शेजारच्या काकू विचारत होत्या, मधू कशी आहे. मी म्हटलं, सिझरच्या तिसऱ्या दिवशी स्वतः चालत जाऊन बाळाची कावीळ तपासून आली. एवढं म्हणून मला उगीच रडायला आलं. तू लहानपणी पडलीस की आधी माझ्याकडे बघायचीस, रडायचं की नाही ते ठरवायला, आणि मी मान हलवली की उठून पळायचीस. सगळे म्हणायचे काय धीट पोर. मीच मान हलवत होते. मंगळवारपासून तेच डोळ्यांपुढे येतंय.

तुला शिवाशिव पाळायला कधी लावलं नाही, त्याचा मला अभिमान होता. देवघरात जाऊ दिलं, लोणच्याला हात लावू दिला. वाटलं, सगळं मोडलं मी. पण ‘कुणाला सांगायचं नाही, आपलं आपण बघायचं’ हे मागच्या खोलीतलं तुझ्याबरोबर तसंच आलं, ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

बाबा दोन तास थांबतील. ठकीला त्यांच्याकडे दे आणि झोप, चहापाणी करत बसू नकोस. त्यांना बीट आणि खजूर आणायला सांगितलंय, कशासाठी ते त्यांनी विचारलं नाही. रिकामा डबा त्यांच्याबरोबरच परत पाठव. लाडू दुसऱ्या डब्यात काढ, आणि याच्यात एक कागद टाक. नुसता आकडा लिहिलास तरी चालेल. पॅडचा लिही, नाहीतर हिमोग्लोबिनचा, मला अंदाज येतो. काहीच लिहावंसं वाटलं नाही तर कोरा टाक, म्हणजे पत्र मिळालं एवढं तरी कळेल.

तुझी,
आई

ता. क. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची एका वेळी घेऊ नकोस, दोन-तीन तासांचं अंतर ठेव. आणि या डब्याचं झाकण फार घट्ट बसतं. पोटाला लावून ओढशील. अभयला उघडायला सांग.