महिलांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलसाठी तलाव तयार आहे का? क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय क्रीडामंत्री

विषय: आंतरराष्ट्रीय जलतरण स्पर्धेपूर्वी तलावाचे दूरचे टोक, पाण्याचा प्रवाह आणि लांबी यांची तपासणी

सविनय नमस्कार.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये महिलांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलची तिन्ही पदके ०.०४ सेकंदात ठरली. पर्निल ब्लुम २४.०७, सिमोन मॅन्युएल २४.०९, अलिआक्सांद्रा हेरासिमेनिया २४.११. या वेगाने पोहणारी खेळाडू एका शतांश सेकंदात दोन सेंटिमीटर पुढे सरकते. म्हणजे सुवर्ण आणि कांस्य यांच्यात चार बोटांचे अंतर होते. हे अंतर खेळाडूंनी ठरवावे, तलावाने नव्हे, एवढ्याचसाठी वेळमापन आणि तलाव-तपासणीचे काम करणारे आम्ही आपल्याला लिहीत आहोत.

५० मीटरच्या तलावात ही शर्यत एकाच दिशेने होते आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते. शेवट नेहमीच्या फिनिशच्या भिंतीवर असतो, त्यामुळे सुरुवात समोरच्या टोकाकडून करावी लागते. १०० मीटर किंवा त्याहून लांब शर्यती फिनिशच्या टोकाकडूनच सुटतात, म्हणून देखभालही त्याच टोकाची होते. समोरचे ब्लॉक, म्हणजे उडी मारायचे ओटे, तसेच राहतात. बोल्ट सैल झालेला ब्लॉक पायाने रेटताना हलतो आणि उडीतला जोर वाया जातो. ब्लॉकवर मागचा पाय टेकवायची सरकती पट्टी खाचेत घट्ट बसत नसेल तर ऐन उडीच्या वेळी घसरते. दोन्ही टोकांचे ब्लॉक सारखेच हवेत: पाण्यापासून ०.५० ते ०.७५ मीटर उंच, उतार १० अंशांपर्यंतच. जुन्या तलावांत हेच टोक उथळ असते. भिंतीपासून १ ते ६ मीटरच्या पट्ट्यात किमान १.३५ मीटर खोली हा नियम आहे. जागतिक दर्जाच्या स्पर्धेला सगळीकडे याहून जास्त खोली हवीच.

स्टार्टरचा, म्हणजे शर्यत सोडणाऱ्याचा, आवाज हा मुद्दा छोटा वाटतो, पण हिशेब करून पाहा. पहिल्या लेनच्या बाजूला एकच स्पीकर असेल तर आठवी लेन तिथून सात लेन, म्हणजे १७.५ मीटर लांब. आवाजाला तेवढे अंतर कापायला ०.०५ सेकंद लागतात. रिओतली तिन्ही पदके त्याहून कमी वेळात बसली होती. म्हणून समोरच्या टोकालाही प्रत्येक ब्लॉकमध्ये स्वतंत्र स्पीकर हवा.

सर्वांत जास्त काळजी पाण्याच्या प्रवाहाची. शुद्धीकरणाचे पाणी बाजूच्या भिंतींतून जोरात आत येत असेल तर तलावात संथ भोवरा तयार होतो. एका कडेच्या लेनमध्ये पाणी फिनिशकडे सरकते, दुसऱ्या कडेला उलटे. १०० मीटरमध्ये जाताना मिळालेला फायदा परत येताना बहुतेक फिटतो. ५० मीटरमध्ये परतीचा प्रवासच नसतो. सेकंदाला फक्त एक सेंटिमीटर वाहणारे पाणी सुमारे ०.११५ सेकंदाचा फरक करते. एकीला सोबत आणि दुसरीला विरुद्ध मिळाले तर ०.२३. पॅरिसमध्ये २०२४ साली याच शर्यतीत रौप्य (२३.९७) आणि कांस्य (२४.२०) यांच्यात नेमके एवढेच अंतर होते.

याची चाचणी स्वस्त आहे. पाणी भरून जवळजवळ बुडेल अशी प्लॅस्टिकची बाटली प्रत्येक लेनच्या मध्यावर सोडायची आणि एका मिनिटात ती किती सरकली ते मोजायचे. पंप स्पर्धेच्या वेळी जसा चालणार तसाच चालू ठेवायचा. मिनिटाला साठ सेंटिमीटर सरकली तर वरचा हिशेब लागू. मग कोणत्या इनलेटचा (पाणी आत येणाऱ्या तोंडाचा) जोर जास्त आहे ते शोधून व्हॉल्व्ह कमी करायचे आणि पुन्हा मोजायचे. पंप पूर्ण बंद ठेवणे हा उपाय नाही: पातळी उतरली की पाणी काठावरच्या नालीत जात नाही आणि लाट भिंतीवर आपटून लेनमध्ये परत येते.

लांबी टचपॅड (खेळाडूचा स्पर्श होताच वेळ नोंदवणारी भिंतीवरची पाटी) लावून मोजावी. पॅड एक सेंटिमीटर जाड असतो. भिंतींमधले अंतर बरोबर ५० मीटर ठेवून बांधलेला तलाव दोन्ही टोकांना पॅड लावल्यावर ४९.९८ भरतो, आणि मिलिमीटरभरही कमी चालत नाही. सर्व्हेअरने प्रत्येक लेन स्वतंत्र मोजावी, पाण्याच्या वर ३० सेंटिमीटरपासून खाली ८० सेंटिमीटरपर्यंत. सरकता पूल (तलावाची लांबी कमी-जास्त करणारी हलती आडवी भिंत) असेल तर विक्रम झालेल्या सत्रानंतर ती लेन पुन्हा मोजावी लागते, म्हणून सर्व्हेअर शेवटपर्यंत हजर हवा. सहस्रांशाची वेळ मात्र कोणी मागू नये. एक सहस्रांश म्हणजे दोन मिलिमीटर. फरशीच एवढी वर-खाली असते. रिओत १०० मीटरचे सुवर्ण मॅन्युएल आणि पेनी ओलेक्सियाक यांना ५२.७० वर विभागून दिले, ते योग्यच होते.

पॅड २.४० मीटर रुंद आणि ०.९० मीटर उंच असावा, त्यातला ३० सेंटिमीटर भाग पाण्यावर. तो भिंतीला सपाट बसला पाहिजे. कोपरा फुगलेला असेल तर बोटांचा हलका स्पर्श नोंदला जात नाही. त्यासाठी जोडीला सेकंदाला १०० चित्रे टिपणारा कॅमेरा फिनिशवर हवा, कारण हाताने दाबलेल्या बटणावर चार शतांशांचा निवाडा होत नाही.

आमची मागणी अशी: लेननिहाय लांबीचा दाखला, बाटली-चाचणीच्या नोंदी आणि दोन्ही टोकांच्या ब्लॉकची तपासणी हे तीनही कागद पहिल्या प्राथमिक फेरीच्या आदल्या दिवशी सर्व संघांच्या व्यवस्थापकांना द्यावेत. एखाद्या लेनमध्ये दोष राहिलाच, तर ५० मीटरसाठी ती लेन रिकामी ठेवावी.

आपले,
जलतरण स्पर्धांच्या वेळमापन व तांत्रिक कामातील कार्यकर्ते